शांतीचा धडा : दोन पुस्तकें आणि एक वर्ग

शाळांतून शांतीचें शिक्षण द्यावें, हें मत आतां सर्वसंमत झालें आहे. 2005 सालीं राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा जो आराखडा तयार झाला, त्याच्या निमित्तानें शांतिशिक्षणावर तज्ज्ञांचा एक स्वतंत्र गट नेमला गेला होता; आणि शांति हा वेळापत्रकांतला आणखी एक विषय न होतां सर्व विषयांतून वाहणारा विचार व्हावा, असा त्या प्रयत्नाचा रोख होता. सर्वसंमत मतांचें दुर्दैव असें कीं, त्यांवर कोणी वाद घालीत नाहीं, आणि म्हणून त्यांचा कोणी विचारहि करीत नाहीं. भिंतीवर कबुतराचें चित्र लागतें, 2 ऑक्टोबरला भाषणें होतात, मुलें टाळ्या वाजवितात आणि घरीं जातात. घरीं गेल्यावर तीं काय ऐकतात, हा प्रश्न मात्र आराखड्याच्या बाहेरच राहतो. आम्हांस येथें त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आणि तो शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांवरून न करतां, मराठी घरांतून प्रेमानें वाचल्या जाणाऱ्या दोन पुस्तकांवरून करावयाचा आहे. त्यांतलें एक साने गुरुजींचें ‘श्यामची आई’. दुसरें तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचें, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनीं मराठींत आणलेलें ‘तोत्तोचान’.

हीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवण्याचें कारण असें. पहिल्यांत आई आहे, परंतु शाळा जवळजवळ नाहीं. दुसऱ्यांत शाळा सर्वत्र आहे, आणि आईबाप तिच्या मागें शांतपणें उभे आहेत. एकाचा उणेपणा दुसरें भरून काढतें. दोन्ही मिळून जो बोध होतो, तो शेवटीं मराठवाड्यांतल्या एका वर्गाला लावून पाहावा, असा आमचा हेतु आहे. कारण शांतीचा धडा जेथें सोपा नाहीं, तेथेंच त्याची परीक्षा होते.

‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें गेलें आणि 1935 सालीं प्रसिद्ध झालें. आश्रमांतल्या सोबत्यांना श्याम रात्रीं आईची एकेक आठवण सांगतो, एवढाच त्याचा घाट. 1953 सालीं आचार्य अत्रे यांनीं त्याचा चित्रपट केला, त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें, आणि श्यामची आई घरोघरची आई झाली. या कीर्तीचा पुस्तकाला एक तोटाहि झाला. तें वाचून रडावयाचें असतें, अशी समजूत रूढ झाली. आणि ज्यांस रडणें आवडत नाहीं, त्यांनीं तें भाबडें ठरवून बाजूस ठेवलें. अश्रूंचा अतिरेक हा या पुस्तकाचा दोष आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. प्रसंग स्वतः बोलत असतां श्याम त्यावर पुन्हा बोलतो, आणि बोध हातीं आल्यावरहि तो दुसऱ्यांदा हातीं देतो. परंतु अश्रू पुसून जो वाचील, त्याला या गोष्टींच्या तळाशीं एका गरीब घराची फार काटेकोर शिस्त दिसेल. आणि ती शिस्त पुष्कळदां मोठ्या माणसांनीं स्वतःलाच लावून घेतलेली आहे.

अळणी भाजीची गोष्ट घ्या. आई भाजींत मीठ घालण्यास विसरते. वडिलांस तें कळतें, परंतु ते कांहीं न बोलतां, उलट भाजी चांगली झाली असें म्हणत जेवतात. मुलेंहि त्यांचें पाहून तशींच जेवतात. आई मागाहून पानावर बसते, तेव्हां तिला चूक उमगते व ती हळहळते. घटना एवढीच. ताटावरून उठणारा चढा आवाज आमच्या घरांत किती नित्याचा आहे, हें आठवलें म्हणजे या गोष्टीचें मोल ध्यानांत येतें. बळ ज्याच्या हातीं आहे त्यानें तें न वापरणें, हा शांतीचा पहिला पाठ होय. आणि तो येथें बापानें दिला आहे, मुलांसमक्ष, जेवतां जेवतां, उपदेशाचा एक शब्दहि न उच्चारतां. पुस्तकाच्या नांवामुळें हा बाप वाचकांच्या स्मरणांत राहत नाहीं. मुलांवर संस्कार करणें हें आईचें काम, असें म्हणून जे गृहस्थ मोकळे होतात, ते याच पुस्तकाचा दाखला देतात. त्यांनीं ही गोष्ट एकदां पुन्हा वाचावी.

याच पुस्तकांत पोहण्याचीहि गोष्ट आहे. विहिरीच्या भीतीनें श्याम माळ्यावर लपतो. आई शिंपटीनें मारून त्याला पोहावयास धाडते. तो पोहून परत येतो, तेव्हां त्याच्या अंगावरचे वळ पाहून तीच व्याकूळ होते. लेखकाच्या मनांत या माराविषयीं कृतज्ञताच आहे. आमच्या मतें येथें टीकाकारानें लेखकाशीं सहमत होऊं नये. ती शिंपटी प्रेमाची होती, हें मान्य. परंतु प्रेमाच्या हातांतली शिंपटी पाहूनच मास्तरांच्या हातांतल्या छडीला पिढ्यान् पिढ्या संमति मिळत आली. पोराला हवें तसें मारा, पण शहाणें करा, असें मास्तरांना सांगून येणारे पालक गांवोगांव होते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमानें शाळेंतल्या शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. घरांतल्या शिंपटीपर्यंत तें कलम पोहोंचत नाहीं. घरीं जो प्रश्न मारानें सुटतो, तोच शाळेंत बोलून सोडवावयाचा, हें मुलाला कसें पटावें? एकच मूल दोन कायद्यांखालीं राहूं लागलें, कीं त्यांतला जो अधिक दुखवितो, तोच तें खरा मानतें.

तिसरी गोष्ट या दोहोंहून खोल आहे. त्या काळीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या एका वृद्ध स्त्रीची मोळी रस्त्यांत पडते, आणि ती उचलून देण्यास कोणी पुढें होत नाहीं. आई श्यामला पाठविते. परत आल्यावर आंघोळ कर, असेंहि सांगते. आजचा वाचक त्या आंघोळीपाशीं अडखळतो, आणि त्यानें अडखळावेंच. आईनें रूढि मोडली नाहीं; रूढीच्या आंत राहून तिनें मुलाचा हात मात्र पुढें करविला. परंतु ज्या मुलाचा हात एकदां त्या मोळीला लागला, तोच पुढें मोठा होऊन 1947 च्या मे महिन्यांत पंढरपूरला विठ्ठलाचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून उपोषणास बसला. घरांत दिलेलें अर्धें शिक्षण मूल कधींकधीं पुरें करतें. आईबापांना या गोष्टीपासून धीर मिळावा, तसा धाकहि वाटावा. कारण द्वेषाचें अर्धें शिक्षणहि मुलें तितक्याच निष्ठेनें पुरें करतात.

आतां या पुस्तकांत शाळा कोठें आहे? श्याम शाळेंत जातो, फीची व पुस्तकांची काळजी करतो. परंतु त्याच्या आईचें पाऊल शाळेच्या उंबऱ्याला लागत नाहीं, व शाळेलाहि तिचें नांव ठाऊक नसतें. तो काळच तसा होता. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हें पुस्तक लिहिणारा स्वतः शिक्षक होता. साने गुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिकवीत होते, तेथील छात्रालय सांभाळीत होते, मुलांसाठीं हातानें लिहून दैनिक काढीत होते. आईपाशीं जें शिकले, तें त्यांनीं छात्रालयांत नेलें. एका आईचा हात अशा रीतीनें शाळेपर्यंत पोहोंचला, तो तिच्या मुलाच्या रूपानें. परंतु प्रत्येक शाळेच्या वांट्याला असा गुरुजी येत नाहीं. जेथें तो येत नाहीं, तेथें घर व शाळा यांनीं एकमेकांशीं बोलावें कसें, याचें उत्तर ‘श्यामची आई’ देत नाहीं.

तें उत्तर शोधीत आम्ही ‘तोत्तोचान’कडे येतों. मूळ पुस्तक 1981 सालीं जपानांत प्रसिद्ध झालें. त्यांतली हकीकत लेखिकेच्या स्वतःच्या बाळपणाची, म्हणजे महायुद्धाच्या काळांतली आहे. पहिल्या शाळेनें या खोडकर मुलीला काढून टाकलें; आईनें तिला तोमोए नांवाच्या दुसऱ्या शाळेंत नेलें, पण पहिल्या शाळेनें काढून टाकल्याचें मुलीला ती 20 वर्षांची होईपर्यंत सांगितलें नाहीं. या एका मौनावर सारें पुस्तक उभें आहे. आपण वाईट आहों, ही समजूत मुलीच्या मनांत शिरूंच नये, म्हणून आईनें अपमान स्वतःपाशीं ठेवला. आमच्याकडे शाळेंतून तक्रार आली, कीं ती घरीं पोहोंचण्यापूर्वींच मुलाच्या पाठीवर उमटते.

तोमोएचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनीं पहिल्याच भेटींत या मुलीचें बोलणें सुमारें चार तास ऐकून घेतलें. शाळेचे वर्ग जुन्या आगगाडीच्या डब्यांत भरत. सगळ्या शाळेंत उणेंपुरे 50 विद्यार्थी. डबा आणतांना पालकांनीं त्यांत कांहीं समुद्रांतलें व कांहीं डोंगरावरचें द्यावें, एवढाच नियम होता. आणि ज्याच्या डब्यांत एखादी गोष्ट नसे, त्याला ती कोबायाशींची पत्नी वाढी. पालकांना शाळेशीं जोडून घेण्याची याहून साधी युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं. श्रीमंतानें भारी पदार्थ पाठवावा, अशी चढाओढ या नियमांत संभवत नाहीं. गरिबाच्या डब्याची लाज तींत वाटत नाहीं. आणि रोज सकाळीं प्रत्येक आईला शाळेचा विचार करावाच लागतो. एकदां वर्गाच्या शिक्षिकेनें एका खुजट राहिलेल्या मुलाला सहज थट्टेनें एक प्रश्न विचारला, तेव्हां कोबायाशींनीं तिची कानउघाडणी केली. पण ती मुलांसमक्ष नव्हे, स्वयंपाकघरांत, आडोशाला. ज्या शाळेंत मोठ्यांच्या रागालाहि मर्यादा असते, तेथें मुलांना शांतीवर निबंध लिहावा लागत नाहीं.

परंतु या पुस्तकाचा गाभा आमच्या दृष्टीनें शाळेबाहेरच्या एका लहानशा प्रसंगांत आहे. वस्तींतला मासाओचान नांवाचा कोरियन मुलगा एके दिवशीं तोत्तोचानकडे पाहून ‘कोरियन!’ असें द्वेषानें ओरडतो. ती गोंधळून घरीं येते व आईला सांगते. आईच्या डोळ्यांना पाणी येतें. ती मुलीला समजावते कीं, त्या बिचाऱ्याला लोक उठतां बसतां याच शब्दानें हिणवीत असतील; म्हणून तो एखादी शिवीच आहे असें त्यास वाटलें असेल, आणि कोणाला टाकून बोलावेंसें वाटलें तेव्हां तोच शब्द त्याच्या तोंडीं आला. तो तुझ्यासारखाच एक मूल आहे, त्याच्याशीं चांगली वाग, असें ती सांगते. मुलीला शिवी दिली म्हणून ती चिडत नाहीं. शिवी त्या मुलापर्यंत कशी पोहोंचली याचा माग घेते, आणि तो माग तिला स्वतःच्याच समाजापर्यंत नेऊन सोडतो. त्या दिवसांत कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आईच्या चार वाक्यांचें धैर्य कळतें. बापाचें धैर्यहि त्याच जातीचें. तो व्हायोलिनवादक होता. दारूगोळ्याच्या कारखान्यांत जाऊन लष्करी गीतें वाजविलीं, तर त्या टंचाईच्या दिवसांत साखर, तांदूळ मिळण्याजोगा होता. त्यानें नकार दिला, आणि बायकोनें त्याला साथ दिली.

या पुस्तकाचेहि दोष आहेत. 50 मुलांची, निवडून मुलें घालणाऱ्या पालकांची ही शाळा. तींतलें ऊन फार कोवळें आहे. साठ मुलांच्या वर्गापुढें उभ्या असलेल्या शिक्षकाला तें वाचून उत्साह येईल, तसा खेदहि होईल. आणि अखेरीस 1945 च्या बाँबवर्षावांत तोमोए जळून गेली. शांतीचें शिक्षण युद्ध थांबवूं शकलें नाहीं, एवढेंच काय, स्वतःचें छप्परहि वांचवूं शकलें नाहीं. लेखिकेनें हें लपविलेलें नाहीं, म्हणूनच तिच्या गोडव्यावर विश्वास बसतो. त्या आगीसमोर उभे राहून कोबायाशी पुढची शाळा कशी बांधावी याचा विचार करतात. तो विचार त्यांच्या हयातींत तसा सिद्धीस गेला नाहीं; तो पुस्तकरूपानें आपल्यापर्यंत आला.

आतां जो वर्ग आम्हांस डोळ्यांपुढें आणावयाचा आहे, तो धाराशिव जिल्ह्यांतला. सोलापूर सोडून तुळजापूरच्या वाटेला लागलें, कीं जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लवकरच तामलवाडी हें गांव येतें. आश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून भवानीच्या दर्शनास पायीं निघालेल्या लोकांची ही वाट. 1948 पर्यंत मात्र ही केवळ यात्रेची वाट नव्हती. एका टोकाला आधीं ब्रिटिश व 1947 नंतर स्वतंत्र भारताचा मुलूख होता, दुसऱ्या टोकाला निजामाचें राज्य. रझाकारांच्या जुलमाच्या दिवसांत निजामाच्या हद्दींतलीं कित्येक कुटुंबें घरेंदारें सोडून सोलापूर-बार्शीकडे आलीं, आणि मुक्तिसंग्रामाचे सरहद्दीवरचे कॅंपहि याच पट्ट्यांत होते. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामाची सत्ता संपली. आज त्या दिवशीं मराठवाड्यांतल्या शाळाशाळांतून झेंडावंदन होतें, आणि तें योग्यच आहे.

परंतु कथा तेथें संपत नाहीं. पोलिस कारवाईनंतरच्या आठवड्यांत सूड उगविला गेला, आणि तो ज्यांनीं कोणाचें कांहीं केलें नव्हतें अशा असंख्य मुसलमान कुटुंबांवर पडला. भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं जी समिति पाठविली, तिनें संस्थानांतल्या मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 असा केला, व सर्वांत अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचें, म्हणजे आजच्या धाराशिवचें, नांव घातलें. तो अहवाल पुढें कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. तो 2013 च्या सुमारास अभ्यासकांना पाहावयास मिळूं लागला. त्याच अहवालांत आणखी एक नोंद आहे, आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर बांधवांचें रक्षण केलें, आणि त्यापायीं प्राणहि गमावले.

म्हणजे त्या वर्गांत 17 सप्टेंबरला बसलेल्या मुलांपैकीं एकाच्या घरीं पणजीनें जळालेल्या घराची गोष्ट सांगून ठेवलेली असते. दुसऱ्याच्या घरीं पणजोबा परतले नाहींत ही गोष्ट असते, किंवा ती न सांगण्याची रीत असते. शाळा एक गोष्ट सांगते, दोन घरें दोन गोष्टी सांगतात, आणि तीन्ही गोष्टी एकमेकींना कधीं भेटत नाहींत. येथें शांतीचा धडा द्यावयाचा आहे. कबुतराच्या चित्रानें तो देतां येणार नाहीं. रझाकारांचे अत्याचार सौम्य करून सांगूनहि तो देतां येणार नाहीं. खोट्यावर उभारलेली शांति मूल मोठें होऊन पहिल्यांदा वर्तमानपत्र वाचतें तेव्हांच मोडते. तो देतां येईल तो मासाओचानच्या प्रसंगांतल्या आईसारखा : शेजारच्या मुलाविषयीं आलेला शब्द घरीं कोणीं आणला, त्याचा माग घरच्याच माणसांनीं घेऊन. आणि तो देतां येईल तो त्या विणकरांची गोष्ट सांगून; कारण त्या गोष्टींत दोन्ही घरांना ताठ मानेनें बसण्याजोगी जागा आहे.

हें काम एकट्या शिक्षकाच्यानें होणारें नाहीं. त्यानें वर्गांत कांहीं सांगितलें, आणि संध्याकाळीं ओट्यावर आजोबांनीं तें खोडून काढलें, कीं आजोबाच जिंकतात. म्हणून पालकांचें शाळेंत येणें हा येथें शिष्टाचाराचा भाग नसून कार्याचा भाग आहे. या जिल्ह्याला ती गोष्ट अपरिचितहि नाहीं. निजामाच्या राज्यांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू असतां, 1921 सालीं हिप्परगा या खेड्यांत लोकांनीं आपल्या बळावर राष्ट्रीय शाळा उभी केली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. आपल्या मुलांनीं काय शिकावें, हें ठरविण्याचा अधिकार सरकारपाशीं मागत न बसतां त्या पालकांनीं तो घेतला. 2009 च्या कायद्याच्या 21 व्या कलमानें तोच अधिकार आतां कायद्यानें दिला आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणांत स्थान मिळालें पाहिजे. श्यामच्या आईला जो उंबरा ओलांडतां आला नाहीं, त्याच्या आंत तिच्यासाठीं कायद्यानें बैठक घातली आहे.

या बैठकींत बसून इमारतीची डागडुजी व पोषण आहार यांची चौकशी व्हावी, ती आवश्यकच आहे. परंतु तेवढ्यावर पालकांनीं उठूं नये. या वर्षीं 17 सप्टेंबरला मुलांपुढें कोणाकोणाच्या घरची गोष्ट सांगितली जाणार आहे, हा प्रश्न एखाद्या आईनें तेथें विचारावा. दोन निरनिराळ्या घरांतले दोन वृद्ध एकाच दिवशीं एकाच वर्गांत बसून बोलले, तर शांतिशिक्षणाच्या साऱ्या पुस्तिकांहून त्याचा परिणाम मोठा होईल, असें आम्हांस वाटतें.

हा लेख जे वाचतील, त्यांतल्या पुष्कळांचीं मुलें या शाळांत नसतील. सुशिक्षित मध्यमवर्ग शहरांत गेला, आणि शहरांत जाऊन त्यानें विनाअनुदानित शाळा निवडल्या. त्या शाळांना 21 वें कलम लागू नाहीं. तेथें पालकांस बोलावलें जातें तें बहुधा गुणपत्रकावर सही करण्यास व स्नेहसंमेलनांत टाळ्या वाजविण्यास. तेथल्या वर्गांत कधींकधीं मासाओचान बसतच नाहीं, कारण फीच्या आंकड्यानें त्याला अगोदरच बाहेर ठेवलेलें असतें. आणि जो शेजारीं बसत नाहीं, त्याच्याविषयीं कांहींहि ऐकलें तरी मुलाला तें खरें वाटतें. या वर्गाच्या घरांत ‘श्यामची आई’ व ‘तोत्तोचान’ दोन्ही पुस्तकें कपाटांत आहेत. आमची त्यांस एवढीच विनंति कीं, दोन्ही एकाच महिन्यांत मुलांना मोठ्यानें वाचून दाखवावीं. अळणी भाजीपाशीं बापानें वाचावें. मोळीच्या गोष्टीपाशीं आंघोळीचें वाक्य गाळूं नये. मुलानें प्रश्न विचारला, तर पुस्तक मिटून उत्तर द्यावें. आणि मासाओचानचें प्रकरण आलें म्हणजे, आपल्या घरांत कोणता शब्द कोणासाठीं शिवीसारखा वापरला जातो, हें मुलाला विचारावें. तें बरोबर सांगेल. त्या उत्तरानंतर काय बोलावयाचें, हें मात्र आईबापांनीं आधीं ठरवून ठेवावें.